‘घरचंच तर माणूस आहे’ : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या खेपेच्या पत्रांत वावरापेक्षा घराचे प्रश्न जास्त आहेत. निरनिराळ्या तालुक्यांतून आलेल्या या पत्रांत एकच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत येतं : ‘घरचंच तर माणूस आहे, घेईल समजून.’ कृषी केंद्रवाल्याचा फोन पहिल्या रिंगला उचलला जातो, पाहुण्याला पाच मिनिटांत चहा मिळतो आणि घरच्यांची पाळी सगळ्यांच्या शेवटी येते. ती आधी कशी आणायची, एवढंच या उत्तरांत आहे.

प्रश्न : आमच्या लग्नाला ११ वर्षं झाली. सहा एकर कोरडवाहू आहे, कापूस आणि तूर. मृगापासून संक्रांतीपर्यंत आम्ही दोघंही वावरात असतो. घरी आल्यावर बोलणं एवढंच, की युरिया आणला का, उद्या बाया किती सांगायच्या, सिलिंडर संपलं. एकदा मी विषय काढला तर म्हणाले, ‘काय बोलाचं? सारं तर तुले माहीतच हाय.’ भांडण नाही, दारू नाही. पण एका घरात दोन सालदार राहतात असं वाटतं.
*— एक भगिनी, दारव्हा तालुका*

उत्तर : ताई, सालदाराशीसुद्धा वर्षाची मजुरी ठरवताना समोर बसून बोलणी होतात. तुमच्याकडे तेवढीही होत नाहीत. तुमच्या यजमानांचं मन वाईट आहे असं पत्रावरून वाटत नाही. बोलण्यासाठी दिवसात जागाच उरलेली नाही. ती आधी करावी लागेल, कारण जागा नसताना ‘माझ्याशी बोला’ म्हटलं की ते मागणीसारखं ऐकू येतं आणि समोरचा आणखी गप्प होतो.

वेचणीच्या हंगामातला तुमचा दिवस मांडून पाहा. पहाटे पाचला उठून पाणी, स्वयंपाक, डबे, मुलांची शाळा. नऊपासून ऊन उतरेपर्यंत पाठीला ओटी बांधून वेचणी. परत आल्यावर पुन्हा चूल, जेवणं, भांडी. तुम्ही मोकळ्या होता तेव्हा दहा वाजलेले असतात आणि यजमान झोपलेले असतात. त्यांना मात्र संध्याकाळी सहा ते आठ वेळ मिळतो, तो पानठेल्यावर जातो. म्हणजे दोघांचे मोकळे तास एकमेकांना भेटतच नाहीत. म्हणून पहिलं पाऊल असं, की संध्याकाळचं एक काम पूर्णपणे त्यांच्याकडे द्या. पाणी भरणं घ्या, नाही तर भांडी घ्या. एकच, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत. इथं चूक अशी होते की काम ‘मदत’ म्हणून दिलं जातं. मग रोज तुम्हीच आठवण करायची, तुम्हीच मागून पुसून काढायचं, आणि आठ दिवसांत ते पुन्हा तुमच्याकडे येतं. एखाद्या दिवशी हंडा अर्धा राहिला तर राहू द्या. त्या हंड्याची काळजी आता त्यांची.

असा अर्धा तास हातात आला, की त्यातली २० मिनिटं दोघांची. वेळ जेवणानंतरची. भुकेल्या पोटी कोणतंही बोलणं पाच मिनिटांत वादावर जातं. दोन्ही फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. सुरुवातीचे दहा-बारा दिवस त्या २० मिनिटांत तीन विषय घेऊ नका : पैसा, मुलांच्या तक्रारी आणि सासर-माहेर. हे विषय टाळायचे नाहीत. त्यांच्यासाठी आठवडी बाजाराच्या आदल्या रात्री अर्धा तास वेगळा ठेवा, हिशेबाची वही घेऊन बसा. कारण रोज रात्री बोलणं म्हणजे उधारीची आठवण असं झालं, की माणूस त्या वेळेलाच घाबरू लागतो आणि झोपेचं सोंग घेतो.

मग बोलायचं काय? ‘तुमच्या मनात काय आहे’ असं विचारून गप्प माणूस बोलत नसतो. लहान आणि नेमकं विचारा. ‘आज धुऱ्यावर कोणाशी बोलत होते?’ ‘डाव्या बैलाचा पाय कसा आहे?’ आणि समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारी बसा, हातात काम ठेवा. तुरीच्या ओल्या शेंगा आल्या की दोघांच्या मधे एक टोपली घ्या. शेंग चिमटीत दाबायची, दाणे वाटीत, टरफल बाजूला. नजर शेंगांवर असली की पुष्कळ गोष्टी तोंडातून सहज निघतात, विशेषतः पुरुषांच्या. मधे शांतता पडली तर ती भरायची घाई करू नका. पहिला आठवडा कोरडाच जाईल असं धरून चाला.

पेरणीचे आठ-दहा दिवस आणि तूर सोंगणीचे दिवस यात २० मिनिटं निघणार नाहीत. तेव्हा पाच करा, पण मोडू नका. अगदीच नाही जमलं तर ‘आज नाही, परवा बसू’ असा दिवस सांगून टाका. नुसतं ‘आज नाही’ म्हटलं की ऐकणाऱ्याला ते ‘कधीच नाही’ असं लागतं.

आणि जेवण. सगळ्यांना वाढून शेवटी उरेल ते खाणारी बाई, हे चित्र आपल्या घरांत इतकं जुनं आहे की कोणाला दिसतही नाही. रात्रीच्या भाकरी आधी थापून दुरडीत झाकून ठेवा आणि दोघांची ताटं एकदम वाढा. गरम भाकरीचा आग्रह असेल तर आठवड्यातून चार दिवस तो सोडायला सांगा.

हा शेवटचा भाग भाऊंना वाचायला द्या. भाऊ, पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळता आणि ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ म्हणता. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याची ती जाणीव आहे. तुमच्या घरात दुसराही एक खांदा आहे. बाया संपावर गेल्या की तुम्ही वेचणीचा किलोमागचा दर वाढवून देता, कारण त्या सोडून जाऊ शकतात हे तुम्हाला माहीत असतं. ताई सोडून जाणार नाहीत, म्हणून त्यांचा हिशेबच होत नाही. एका दिवसात त्यांनी किती किलो वेचला हे आज रात्री त्यांना विचारा. आकडा ऐकून आधी गप्प बसा, मग काय म्हणायचं ते सुचेल.

प्रश्न : मी चाकणला कंपनीत आहे. आईबाबा गावी दोघंच, बाबा ७१, आई ६६. रोज फोन करतो. ‘जेवली का?’ ‘हो, तू?’ ‘हो.’ संपलं. बाबा तर फोन घेताच म्हणतात, ‘घे, तुह्या मायशी बोल.’ पैसे दर महिन्याला पाठवतो. तरी गावी गेलो की पाहुणा आल्यासारखं वागवतात. कुठे चुकतं?
*— एक वाचक, मूळ मेहकर तालुका*

उत्तर : भाऊ, रोजचा दोन मिनिटांचा फोन हजेरीसारखा झालाय. तो चालू ठेवा, त्यातून निदान दोघं ठीक आहेत हे कळतं. पण आठवड्यातून दोन फोन वेगळे करा, प्रत्येकी १५ मिनिटांचे. एक फक्त बाबांना, एक फक्त आईला. दिवस आणि वेळ पक्की ठेवा. बाबांचा फोन सकाळी सात-साडेसातला, गोठ्याचं आटोपून ते अंगणात बसतात तेव्हा. रात्री ते थकलेले असतात आणि शेजारी आई असते, म्हणून फोन तिच्याकडे जातो. त्यांचा स्वतःचा नंबर नसेल तर साधा बटणाचा फोन घेऊन द्या. दोघांत एक फोन असला की बोलणारं एकच माणूस उरतं.

बाबांशी सल्ला मागून बोला. विहिरीला किती हात पाणी आहे, हरभऱ्याला दुसरं पाणी कधी देणार, घाटे अळी दिसते का. हे तुम्हाला माहीत नाही आणि त्यांना माहीत आहे, म्हणून ते बोलतील. पुढच्या फोनला मागच्या वेळचा धागा उचला : ‘ती गाय व्याली का?’ आधीचं ऐकून लक्षात ठेवलं होतं, हे त्या एका प्रश्नातून कळतं. यासाठी चक्क वहीत दोन ओळी लिहून ठेवा. त्यात खोटं काही नाही.

तब्येतीचं मात्र मोघम विचारू नका. ‘बरं आहे ना?’ याला खेड्यातलं उत्तर कायम ‘हो’ असतं. दर महिन्याच्या १ तारखेला गोळ्यांची पाकिटं हातात घ्यायला सांगा आणि किती उरल्या ते मोजून घ्या. रोज एक गोळी असेल तर ३० दिवसांच्या ३० संपायला हव्यात. १२ उरल्या असतील तर १२ दिवस चुकले. रक्तदाबाच्या गोळ्या थांबण्याचं नेहमीचं कारण ‘आता बरं वाटते’ हेच असतं. रक्तदाब वाढला तरी बहुतेकांना काही जाणवत नाही, हे त्यांना न चिडता पुन्हा पुन्हा सांगावं लागेल. बाबा ७० च्या पुढचे आहेत, म्हणजे उत्पन्न कितीही असो, त्यांना आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं कार्ड मिळतं. आधार कार्ड घेऊन पुढच्या भेटीत स्वतः सोबत जाऊन काढा. गावात आशाताईंचा नंबर तुमच्याकडे आणि तुमचा त्यांच्याकडे असू द्या. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे, ती भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

आता पाहुण्यासारखं वागवण्याबद्दल. तुम्ही दिवाळीला येता, चार दिवस राहता, तेव्हा घर सजलेलं असतं आणि आई फराळात अडकलेली असते. एक भेट सणाविना काढा, तुरीच्या किंवा हरभऱ्याच्या कामाच्या दिवसांत. बाबांसोबत वावरात जा, रात्री जागलीला एकदा मचाणावर बसा. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. वर्षाच्या तीन भेटींच्या तारखा आजच ठरवून मोबाईलमध्ये गजर लावा. ‘सुट्टी मिळाली की येतो’ म्हणणाऱ्याला सुट्टी मिळत नसते.

गेल्यावर पहिल्याच दिवशी एक काम करा. अंधार पडल्यावर घरापासून अंगणातल्या संडासापर्यंत स्वतः चालून पाहा. उंबरा, ओली फरशी, सुटलेला दगड, सगळं दिसेल. म्हातारी माणसं पडतात ती बहुधा अशाच वाटेवर, रात्री. एक एलईडी दिवा लावा, त्याचं बटण खाटेजवळ घ्या, आणि संडासात कमरेच्या उंचीवर पाइपाचा दांडा भिंतीत पक्का बसवा. फार तर अर्ध्या दिवसाचं काम आहे.

प्रश्न : आमची वडिलोपार्जित नऊ एकर जमीन, अजून सगळी वडिलांच्या नावावर. आम्ही दोघं भाऊ, दोन बहिणी सासरी. तीन एकर विहिरीजवळ काळी, बाकी बरड. गेल्या वर्षी पाण्याच्या पाळीवरून धाकट्याशी वाद झाला, तेव्हापासून बोलणं बंद. मुलांनाही एकमेकांकडे पाठवत नाही. आईचं म्हणणं, ‘वाटणी झाली की घर तुटते.’ बहिणींनी सही दिली तर सोपं होईल असं नातेवाईक म्हणतात. काय करावं?
*— मोठा भाऊ, चांदूर रेल्वे तालुका*

उत्तर : भाऊ, आईचं दुःख समजण्यासारखं आहे, पण आमचं मत वेगळं आहे. घर तुटतं ते अर्धवट वाटणीनं. तोंडी ठरलेलं, कागदावर नसलेलं, प्रत्येक हंगामात नव्यानं भांडावं लागणारं. स्वच्छ मोजून, लिहून झालेल्या वाटणीनंतर कित्येक भाऊ एकत्र बसून जेवतात.

सुरुवात बोलण्यापासून करा, कागदापासून नको. मध्यस्थ घालू नका, निदान पहिल्या वेळी नाही. धाकट्याकडे स्वतः जा, त्याच्या अंगणात, आणि जमिनीचा विषय न काढता एवढंच म्हणा : ‘वाद पाण्याचा आहे, पोरांचा नाही. उद्यापासून पोरं येऊ-जाऊ दे.’ तो काही बोलला नाही तरी तुमच्याकडून मुलं पाठवायला लागा. अबोला जितका लांबतो तितका तो मोडणं मानाचा प्रश्न होतो. कारण कोणाचं चुकलं हे मागे पडतं आणि आधी कोण बोललं एवढंच उरतं. तुम्ही थोरले आहात, म्हणून पहिलं पाऊल तुमचं.

पाण्याचं आधी मिटवा, ते वाटणीपर्यंत थांबणार नाही. एका विहिरीवर दोन भाऊ असले की साधारण ‘सोमवार ते बुधवार तुझे, गुरुवार ते शनिवार माझे’ असं ठरतं आणि तिथंच गडबड होते. कृषिपंपाची थ्री फेज वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री अशी आलटून पालटून येते. वार पक्के राहिले की एकाच्या वाट्याला सारखी रात्रीची वीज येते. तो थंडीत, सापा-किरड्यांत ओलीत करतो आणि दुसरा उन्हात. वर्षानुवर्षं साचणारा राग हा असा असतो. म्हणून दर आठवड्याला वार बदला : या आठवड्यात पहिले तीन दिवस तुमचे, पुढच्या आठवड्यात त्याचे. ज्या दिवशी वीज चार तासांपेक्षा कमी मिळाली तो दिवस भरून द्यायचा. मोटार जळाली तर खर्च अर्धा-अर्धा, मग ती कोणाच्याही पाळीत जळो. हे तीन मुद्दे एका कागदावर लिहा, दोघांनी सह्या करा आणि एक प्रत मोटारीच्या पेटीत आतून चिकटवा.

आता वाटणी. जमीन वडिलोपार्जित आहे, म्हणून हिशेबात दोन भाऊ एवढंच धरू नका. वडील, आई, तुम्ही दोघं, दोन बहिणी अशी सहा नावं आहेत. ९ सप्टेंबर २००५ पासून अशा मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि त्या तारखेला वडील हयात असणं गरजेचं नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केलं आहे. नऊ एकराचे सहा वाटे म्हणजे प्रत्येकी दीड एकर. बोलणी या आकड्यापासून सुरू करा. बहिणी हक्क सोडायला तयार असतील तर तो त्यांचा मोठेपणा आहे, तुमचं येणं नव्हे.

बहिणींच्या सहीबद्दल जरा परखड लिहितो. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलं गेलं की पुढे फिरवणं फार अवघड असतं. पुष्कळ ठिकाणी भाऊबीजेला बहीण माहेरी आली की ओवाळणी होते, साडी दिली जाते आणि दुसऱ्या दिवशी गाडीत बसवून तहसीलच्या गावाला नेतात. ती नाही म्हणू शकत नाही, कारण माहेर तुटण्याची भीती असते. सही मिळते आणि नातं त्याच दिवशी आतून मरतं. हे तुम्ही करू नका. सण सोडून एखादा दिवस ठरवा. कागदाचा मसुदा १५ दिवस आधी तिच्या हातात द्या, कोणाकडूनही वाचून घेऊ द्या. ‘तू वाटा घेतला तरी भाऊबीज होईल’ हे वाक्य आईवडिलांसमोर, मोठ्यानं म्हणा. एखादी बहीण अडचणीत असेल, एकटी असेल, तर सहीचा विषयच काढू नका.

मातीचा फरक क्षेत्रानं भागत नाही. काळ्या तीन एकरांत एकाला आणि बरडात दुसऱ्याला टाकलं की अन्याय ठरलेलाच. काळीचे वेगळे तुकडे पाडा आणि बरडाचे वेगळे. जुनी रीत चांगली आहे : थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. वाटे पाडणाऱ्याला कोणता आपल्याला येईल हे माहीत नसतं, म्हणून तो नीट पाडतो. प्रत्येक तुकड्याला बैलगाडी, ट्रॅक्टर जाईल अशी वाट नकाशातच दाखवा. वाट तोंडी ठेवली की पुढच्या पिढीत हमखास तहसीलला जावं लागतं.

कागद असा : सर्व हिस्सेदारांची संमती असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो. आदेशानंतर फेरफार होतो, त्यावर हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते, मग सातबारा वेगळा होतो. भूमी अभिलेखकडून मोजणी करून खुणा रोवून घ्या. धुऱ्यावरची निंबाची झाडं, बांधावरची बोर, गोठा, कडब्याची जागा हीसुद्धा यादीत लिहा. एकरांवर एकमत झालेले भाऊ एका झाडावरून पुन्हा भांडतात.

आईवडिलांचे दोन वाटे त्यांच्याच नावावर राहू द्या. तुम्ही दोघं ती तीन एकर अर्धी-अर्धी वाहा आणि मक्त्याची, म्हणजे जमीन वाहण्याच्या मोबदल्याची, रक्कम ठरलेल्या तारखेला आईच्या खात्यात भरा. त्यांना पुढे बक्षीसपत्र करून द्यायचं असेल तर सांभाळ करण्याची अट त्या दस्तातच लिहून घ्यावी. ज्येष्ठांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्यातलं कलम २३ तिथं कामी येतं : सांभाळ झाला नाही तर ते हस्तांतरण रद्द करून मागता येतं. दस्तात अट नसली की हेच सिद्ध करणं कठीण जातं. आणि आई एकाकडे, बाप दुसऱ्याकडे अशी वाटणी कधीही करू नका. महिन्याच्या पाळ्याही नकोत. ४० वर्षं एका ताटाशेजारी बसलेल्या दोन माणसांना म्हातारपणी वेगळं करायचं, यापेक्षा मोठी शिक्षा आम्हाला तरी सुचत नाही. त्यांची खोली कायम ठेवा, डबा दोन घरांतून वार लावून जाऊ द्या.

प्रश्न : माझं माहेर ४० किलोमीटरवर आहे. वर्षातून एकदा जाणं होतं, तेही रात्री न राहता. आई थकली आहे. घरची कामं आणि खर्च, दोन्ही आडवे येतात.
*— एक भगिनी, मंगरुळपीर तालुका*

उत्तर : ताई, एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खर्चाचा अडसर अर्ध्यावर आला. आई ७५ ची झाली असेल तर तिचा प्रवास एसटीत मोफत आहे, तिलाही तुमच्याकडे आणता येईल. कामाचं म्हणाल, तर आठ दिवस एकदम मागू नका, ते कोणी देत नाही. दर महिन्याच्या एका ठरलेल्या वारी, सकाळच्या गाडीनं जाऊन दुसऱ्या दिवशी दुपारी परत. तारीख कॅलेंडरवर सगळ्यांना दिसेल अशी लिहा. गेल्यावर स्वयंपाकघरात शिरू नका. आईच्या डोक्याला तेल लावा, नखं काढा, तिचे कपडे, औषधं, चष्मा पाहा. तिला जे भावजयीला सांगता येत नाही ते त्या वेळी कळेल.

प्रश्न : मी १९ वर्षांचा. यंदा सोयाबीन अतिपावसात गेलं. बँकेचं पीककर्ज आहे आणि गावातल्या एकाचे पैसेही. बाबा महिनाभरापासून नीट जेवत नाहीत, रात्री ओट्यावर बसून असतात. परवा मला म्हणाले, ‘मायकडे लक्ष दे, तूच हायस आता.’ आई म्हणते विचारू नको, त्यांना आणखी वाईट वाटेल.
*— एक वाचक, कळंब तालुका*

उत्तर : बाळा, आईला सांग की विचारायचंच आहे, आणि आजच. झोप उडणं, जेवण तुटणं आणि सोपवासोपवीचं बोलणं, ही तिन्ही धोक्याची लक्षणं आहेत. विचारल्यानं जीव द्यायचा विचार डोक्यात येतो असं नसतं. उलट माणसाला सुटल्यासारखं वाटतं.

ओट्यावर त्यांच्या शेजारी जाऊन बस. सरळ शब्दांत विचार : ‘बाबा, जीव द्यायचा विचार येते का मनात?’ ते चिडले किंवा रडले तर तिथंच बसून राहा. ‘असं काही बोलू नका’ म्हणून तोंड बंद करू नको, ‘लोकांचं तर याहून वाईट आहे’ असंही म्हणू नको. त्यांना सांग : ‘कर्ज आपलं आहे, तुमचं एकट्याचं नाही. मले तुम्ही पाहिजे.’ आपल्या घरांत असं बोलायची सवय नसते, म्हणून ओठ अडखळतील. अडखळत बोललेलं चालतं.

आज संध्याकाळच्या आत घरातली, गोठ्यातली, मोटारीच्या खोपडीतली सगळी कीटकनाशकं आणि तणनाशकं काढून दुसऱ्या कोणाच्या घरी ठेव. माळ्यावरच्या अर्ध्या बाटल्यासुद्धा. घरातच कुलूप लावलं तर किल्ली कुठे असते हे सगळ्यांना माहीत असतं, त्यावर विसंबू नको. पुढेही एका फवारणीपुरतंच आणायचं, साठा नको. काही दिवस बाबांना एकटं ठेवू नका, रात्री वावरात एकट्यानं पाठवू नका. काका, मामा, त्यांचा जवळचा मित्र अशा एकाला तरी खरं सांग. घराची अब्रू जाते म्हणून लपवू नको.

१४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर चोवीस तास मोफत चालतो, मराठीत बोलता येतं. आधी तू स्वतः फोन करून काय करायचं ते विचारू शकतोस. १०४ वरही समुपदेशन मिळतं. या आठवड्यातच त्यांना जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या ओपीडीला ने. ‘झोपेची तपासणी’ म्हटलं तर ते येतील, आणि झोपेचं खरोखरच दाखवायचं आहे. औषधं सुरू झाली तर परिणाम दिसायला दोन-चार आठवडे लागू शकतात, मधे थांबवायची नाहीत. त्यांनी काही घेतलं किंवा घेतल्याची शंका आली तर घरचे उपाय करत बसू नका, उलटी करवू नका. लगेच १०८ ला फोन, आणि बाटली सोबत.

कर्जाचं दुसऱ्या टप्प्यात. बँकेचं पासबुक, उधारीच्या चिठ्ठ्या, सगळं एका पिशवीत गोळा कर. कोणाचे किती, कधीपर्यंत, व्याज किती, असे रकाने पाडून एका पानावर लिही. डोक्यात फिरणारं कर्ज कागदावर उतरलं की त्याला कडा येतात. बँकेत पुनर्गठनाबद्दल, म्हणजे कर्जाची मुदत आणि हप्ते नव्यानं बांधून घेण्याबद्दल, तू सोबत जाऊन विचार. गावातल्या माणसाकडे सावकारीचा परवाना नसेल तर ती बेकायदा सावकारी आहे. त्याची तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते, आणि अशा व्यवहारात गेलेली जमीन परत मिळण्याची तरतूदही २०१४ च्या कायद्यात आहे. पण हे सगळं बाबांना दोन रात्री झोप लागल्यानंतर.

प्रश्न : माझा आठ वर्षांचा मुलगा मामाजवळ जास्त रमतो. माझ्याशी कामापुरतं बोलतो. मी त्याच्यासाठीच राबतो, पण त्याला ते दिसत नाही.
*— एक वडील, साकोली तालुका*

उत्तर : भाऊ, त्याला ते दिसणारही नाही, कारण तुम्ही राबता तेव्हा तो शाळेत असतो. मामा त्याच्यासोबत काहीतरी करतो, म्हणून तो रमतो. तुम्हीही त्याच्यासोबत एक वस्तू करा. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मुलांच्या पोळ्याला, विकतचा नंदी आणण्यापेक्षा यंदा दोघं मिळून लाकडाचा करा, पोळ्याच्या १५ दिवस आधी सुरू करून, रोज संध्याकाळी अर्धा तास.

सुताराकडे सागाचा उरलेला वीतभर तुकडा मिळतो. बैलाचा आकार तुम्ही पेन्सिलीनं काढा आणि करवतीनं तुम्हीच कापा, पण घासायचं काम त्याचं. आधी जाड पॉलिश पेपर, मग बारीक. हात कंटाळतात, तेव्हा बोलणं सुरू होतं. खाली एक पाटी ठोका, तिला चार चाकं. इथं बहुतेकांचं चुकतं : चाकाचं भोक आसाएवढंच पाडलं की पावसाळी दमटपणानं लाकूड फुगतं आणि चाक फिरत नाही. भोक आसापेक्षा किंचित मोठं ठेवा आणि आत मेणबत्ती घासा. डोळे, शिंगं, झूल कशी रंगवायची हे तो ठरवेल. शिंगं निळी म्हणाला तर निळी. त्या दिवशी गल्लीत फिरताना तुम्ही सोबत चाला, बोजारा, म्हणजे घरोघरी मिळणारी ओवाळणी, मागायला तो पुढे आणि तुम्ही मागे. रंगाला या हवेत वाळायला दोन दिवस लागतात, म्हणून शेवटचा हात पोळ्याच्या दोन दिवस आधीच मारून नंदी चुलीच्या खोलीत, उंचावर ठेवा.